कारागीर टिकत नाहीत म्हणता? आधी त्यांचे हात बघा



"दहा मशीनवर युनिफॉर्मचं युनिट" हा व्हिडिओ टाकल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मशीनचा नाही, कर्जाचा नाही, जीएसटीचा तर नाहीच नाही. प्रश्न एकच. "ताई, कारागीर टिकत नाहीत. शिकवून तयार केला की सोडून जातो. काय करायचं?" आणि त्याच्या शेपटाला बहुतेक वेळा एक वाक्य असतं, की हल्ली लोकांना कामच नको झालंय.

हे वाक्य मीसुद्धा पाच-सहा वर्षं म्हणत होते. आज त्याबद्दल जरा वेगळं बोलणार आहे. थोडं लांबेल, आणि त्यात माझी एक चूक येणार आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

नवीन वाचकांसाठी सांगते. माझं दुकान सोलापुरात आहे आणि दुकानामागच्या शेडमध्ये शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे. आज आम्ही चौदा जण आहोत. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, पण इथले युनिफॉर्म देशभरातल्या शाळांत जातात, आणि हा धंदा हंगामी आहे. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. म्हणजे मार्चपासून जी पळापळ सुरू होते ती जूनचा शेवटचा आठवडा येईपर्यंत थांबत नाही. वर्षाची निम्मी कमाई त्या चार महिन्यांत. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, आणि हातात नेव्ही ब्लू कापड. डोळ्यासमोर आणा.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक अक्का होत्या. सोलापुरात वयाने मोठ्या बाईला आपण सहज अक्का म्हणतो, त्यांना तर सगळं युनिटच अक्का म्हणायचं. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं त्यांनी विड्या वळल्या होत्या. हजार विड्यांमागे मजुरी. माझ्याकडे त्या धागा कटिंगला बसायच्या. शिवून आलेला शर्ट उलटासुलटा करायचा, प्रत्येक शिलाईच्या टोकाला लोंबणारा धागा छोट्या कटरने कापायचा, घडीला पुढे सरकवायचा. हाताचा वेग असा की नवीन पोरी कटर खाली ठेवून बघत बसायच्या.

तिसऱ्या हंगामात त्यांचा वेग उतरला. मधेच कटर ठेवून हात झटकायच्या. एकदा कटर हातातून पडला, मग पुन्हा पडला. मी विचारलं, "अक्का, काय होतंय?" त्या म्हणाल्या, "काही नाही ताई, मुंग्या येतात जरा, जाईल." मी मेडिकलमधून बाम आणून दिला. मला वाटलं, केवढी मी चांगली मालकीण!

मे महिन्याच्या मध्यात माल तुंबायला लागला. शिलाईकडून शर्टांचे ढीग येताहेत आणि अक्कांच्या पुढ्यात अडकताहेत. मी त्यांचं काम एका तरण्या पोरीला दिलं आणि अक्कांना म्हटलं, "काही दिवस घरी आराम करा, बरं वाटलं की या." पगार नाही, पैशाची काही व्यवस्था नाही. पीसवर काम होतं, पीस नाही तर पैसे नाहीत, इतकं सोपं. त्या परत आल्या नाहीत. मी माझ्या वहीत लिहिलं, "सोडून गेल्या."

पुढे वर्षभराने त्या बाजारात भेटल्या. भाजीची पिशवी हातात नव्हती, कोपराच्या वळणात अडकवलेली होती. माझ्या मुलाची चौकशी केली. मी हाताचं विचारलं तर सहज सांगितलं, की आता भाकरी सून थापते. बस, एवढंच. एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्या सोलापुरात बाईला भाकरी थापता येईना म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्या रात्री मी बसून हिशेब केला. एका हाफ शर्टाला, आमच्या त्या वेळच्या मशीनवर, तीस ते पस्तीस ठिकाणी धागा राहायचा. दिवसाला दीडशे-एकशेसाठ शर्ट. म्हणजे अक्का दिवसातून पाच हजारांच्या आसपास वेळा अंगठा आणि बोटं आवळत होत्या. त्या कटरचं पातं बोथट झालं की आणखी जोर लागतो. कटरची किंमत चाळीस-पन्नास रुपये, आणि मी तो महिनोन्महिने बदलायचे नाही, कारण "अजून चालतोय की."

तर हे दुखणं काय असतं? मी डॉक्टर नाही, पण मालक म्हणून जेवढं कळायला हवं तेवढं मी नंतर समजून घेतलं. आपल्या मनगटात पुढच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या जातात आणि एक मोठी नस जाते. तीच तीच हालचाल, जोर लावून, विश्रांतीशिवाय झाली की त्या दोऱ्यांच्या आवरणाला सूज येते, आणि बोगदा तेवढाच असल्याने नस दाबली जाते. ह्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची निम्मी बाजू बधीर होते. करंगळी बहुधा सुटते. रात्री त्रास वाढतो, माणूस झोपेतून उठून हात झटकतो आणि मग जरा बरं वाटतं. खूप काळ तसंच चाललं तर अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो बसायला लागतो आणि पकडच जाते.

हे एक झालं. अंगठ्याच्या बाजूने मनगटात चमक निघणं हे वेगळं, बोट वाकलेलं अडकणं आणि टक् करून सुटणं हे वेगळं. मशीनवर बसणाऱ्यांची तक्रार बहुतेक मानेची आणि खांद्याची असते, प्रेसवाल्याची खांद्याची, कटिंग मास्टरची मनगटाची आणि कोपराची. पण मूळ सगळ्यांचं एक जातीचं आहे. तीच हालचाल, तीच बैठक, जोर, आणि मधे सुट्टी नाही.

ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांचा एक जुना निकष आहे, तो लक्षात ठेवा. कामाचा एक फेरा तीस सेकंदांच्या आत संपून परत पहिल्यापासून सुरू होत असेल, तर ते काम हाताच्या दृष्टीने जास्त धोक्याचं धरतात. त्यात जोरही लागत असेल तर धोका नुसता दुप्पट होत नाही, त्याहून बराच वाढतो. आता तुमच्या लाईनवर बघा. खिशाची पट्टी, कॉलरची टीप, काज, बटण. कुठलं काम तीस सेकंदांच्या वर जातं? आपण लाईन पाडतो तीच कामाचे तुकडे करण्यासाठी. पूर्वीचा शिंपी अख्खा शर्ट शिवायचा, त्यात दहा प्रकारच्या हालचाली होत्या. आम्ही बीबीएला शिकलो की कामाचे तुकडे केले की उत्पादन वाढतं. खरं आहे, वाढतं. त्या तुकड्याचं मनगटाला काय होतं ह्याचं पान आमच्या पुस्तकात नव्हतं.

बरं, हे काही आज कळलेलं नाही. इटलीत बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात शिंप्यांच्या पाय बधीर होण्याबद्दल आणि कंबरेबद्दल लिहून ठेवलंय. तीनशे वर्षं झाली. आपण अजून बामवरच आहोत.

मला माहिती आहे, काही जण म्हणतील, "ताई, अक्कांना शुगर असेल." होती. मधुमेहात, थायरॉइडच्या त्रासात, गरोदरपणात हा नस दबण्याचा त्रास जास्त दिसतो, आणि एकूणच पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. शिवाय त्यांच्या हातांनी पंधरा वर्षं विड्या वळल्या होत्या. घरी धुणं होतं, भांडी होती. तेव्हा त्यांचा हात फक्त माझ्या युनिटमुळे गेला असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण नेमकं हेच आपल्याला सोयीचं पडतं, हे लक्षात घ्या. छपरावरून कुणी पडलं तर तारीख असते, जागा असते, पंचनामा होतो. ढाक्याजवळ २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली, जगभर बातमी झाली आणि त्यानंतर मोठे ग्राहक कारखान्यांच्या भिंती आणि आगीचे दरवाजे तपासायला लागले. ते व्हायलाच हवं होतं. हात मात्र एका दिवशी कोसळत नाही. तो रोज थोडा थोडा जातो, आणि जाताना शुगर, वय, घरकाम असे चार साक्षीदार आपल्या बाजूने उभे राहतात. मालक निर्दोष सुटतो.

आता मुद्द्यावर येते, आणि इथे तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं माझ्याशी पटणार नाही.

माझं म्हणणं असं आहे की आपल्या छोट्या गारमेंट युनिटचं कॉस्टिंगच खोटं असतं. कापड, अस्तर, बटण, धागा, शिलाई, इस्त्री, पॅकिंग, वीज, भाडं, वाहतूक, सगळं लिहितो. हात झिजण्याचा खर्च लिहीत नाही. मशीनचा घसारा धरतो, त्यासाठी सीए आठवण करून देतो. मशीन चालवणाऱ्या बाईचा घसारा कुठल्याच कॉलममध्ये नाही. तो खर्च होत नाही असं थोडंच आहे? होतोच. तो ती बाई भरते, आणि मग नवीन माणूस शिकवण्यात, अल्टरच्या मालात, तुंबलेल्या ऑर्डरमध्ये थोडा थोडा आपणही भरतो. फक्त आपल्या वहीत त्याचं नाव "कारागीर टिकत नाहीत" असं असतं.

आणि पीस रेट हा ह्याचा गाभा आहे. मी पीस रेटच्या विरोधात नाही. खरं सांगते, कारागिरांनाच तो हवा असतो. हात चालणारी बाई रोजंदारीपेक्षा पीसवर बरेच जास्त कमावते, हंगामात तर मुलांच्या फीची सोय त्यातूनच होते. पण पीस रेटमध्ये विश्रांतीची किंमत कोण देतं ते बघा. पाणी प्यायला उठली तर तिचे पैसे गेले. मान मोकळी केली तर तिचे पैसे गेले. हात दुखतो म्हणून सावकाश केलं, तिचे पैसे गेले. मालकाचं काहीच जात नाही. अशा पद्धतीत तुम्ही भिंतीवर "दर तासाला विश्रांती घ्या" असा कागद चिकटवलात तर त्याचा काय उपयोग? मोठ्या शहरांतल्या एक्स्पोर्ट कारखान्यांत ताशी टार्गेट असतं, तिथे सुपरवायझर मागे उभा असतो. आपल्याकडे सुपरवायझरची गरजच नाही, ते काम पीस रेट करतो.

मी काय करून बघितलं ते सांगते. पहिला प्रयोग सपशेल फसला. मी जाहीर केलं, सकाळी अकराला आणि दुपारी चारला दहा-दहा मिनिटं सगळ्यांनी उठायचं. कुणीही उठलं नाही. दोन दिवसांनी मी अकराला सरळ मेन स्विच खाली केला. मशीन बंद, पंखेही बंद! मे महिन्यात! काय गोंधळ झाला विचारू नका. ओव्हरलॉकवरची एक ताई तोंडावर म्हणाली, "आमचे पैसे कापायचे असतील तर सरळ सांगा की." ती बरोबर होती. मी माझ्या समाधानासाठी तिच्या खिशातून विश्रांती विकत घेत होते.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. हिशेब तुमच्यासमोर मांडते, तुमचे आकडे घालून बघा. चौदा माणसं, सरासरी दिवसाची कमाई साडेचारशे रुपये, आठ तासांची म्हणजे ४८० मिनिटांची पाळी. वीस मिनिटांची किंमत माणशी पावणेएकोणीस रुपये. चौदा जणांची झाली साधारण २६२ रुपये. त्या वेळी दिवसाला १६० शर्ट निघायचे. म्हणजे एका शर्टामागे एक रुपया चौसष्ट पैसे. पावणेदोन रुपये धरा.

पावणेदोन रुपये! ह्यासाठी मी एका बाईचा हात घालवला होता. शाळेच्या ट्रस्टशी घासाघीस करताना ह्याच्या तिप्पट तर मी चहा पिता पिता सोडून देते.

आता ती वीस मिनिटं मी रोजच्या ठरलेल्या रकमेत देते. हजेरी लागली की ते पैसे पक्के, पीसचा हिशेब वेगळा. स्विच पाडावा लागत नाही. पहिल्या महिन्यात दोघी-तिघी तरी बसूनच राहायच्या, मग चहाची किटली शेडच्या बाहेर कडुलिंबाखाली ठेवायला सुरुवात केली, तेव्हा उठायला लागल्या. हंगामात उत्पादन घटलं का? पहिल्या आठवड्यात थोडं घटलं. पुढे मला फरक दिसला नाही. वाढलं असंही मी म्हणणार नाही. व्हिडिओवाले सांगतात तसं "विश्रांती द्या, प्रॉडक्शन तीस टक्के वाढवा" वगैरे माझ्याकडे काही झालं नाही. संध्याकाळचा अल्टरचा ढीग कमी झाला, एवढं नक्की. आणि एक शाळा गेली. त्यांना शर्ट दोन रुपयांनी स्वस्त दुसरीकडे मिळाला. गेली तर गेली, असं मी आज म्हणते, त्या दिवशी झोप लागली नव्हती.

दुसरी गोष्ट, बैठक. आपण पन्नास हजारांचं मशीन घेतो आणि त्याच्यापुढे घरातली जुनी प्लास्टिकची खुर्ची ठेवतो. मशीनच्या स्टँडला उंची कमी-जास्त करायची सोय असते हे तुमच्यापैकी किती जणांना माहिती आहे? बोल्ट ढिला करायचा, वर-खाली करायचा. डीलरचा माणूस एकदा बसवून जातो तीच उंची जन्मभर. चार फूट दहा इंचाची बाई आणि पावणेसहा फुटांचा पोरगा एकाच उंचीच्या टेबलावर बसतात. टेबल कोपराच्या उंचीपेक्षा थोडं वर हवं, म्हणजे बघण्यासाठी मान खूप वाकवावी लागत नाही. टेबलाच्या मागच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन उतार किंचित शिवणाऱ्याकडे केला तर आणखी बरं. आम्ही साध्या सुताराकडून ठोकळे करून घेतले. पायडलसुद्धा सरकवता येतं, ज्याचा पाय जिथे सहज पडतो तिथे. आणि गुडघ्याने ढकलून दाबपट्टी उचलायची जी सोय असते ना, ती बहुतेक ठिकाणी वाकडी बसवलेली असते, दिवसभर मांडी बाहेर ताणली जाते. ती वाकवून नीट करायला पाच मिनिटं लागतात.

उजेडाचं तर बोलायलाच नको. नेव्ही ब्लू कापडावर नेव्ही ब्लू धागा, वर लांब कुठेतरी एक ट्यूबलाईट. टीप दिसत नाही म्हणून माणूस वाकतो, आणि वाकलेला राहतो. चुंबकाने मशीनला चिकटणारा छोटा एलईडी दिवा लावा. मान आपोआप वर येते, सांगावं लागत नाही. माझ्या युनिटमध्ये सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक ह्या दिव्याने पडला.

जुन्या क्लच मोटर बदलून सर्व्हो मोटर बसवल्या त्या मात्र मी विजेच्या बिलासाठी. क्लच मोटर शिवत नसतानाही फिरत राहते. नंतर लक्षात आलं की आवाज आणि थरथर पण कमी झाली. पुण्य फुकट पदरात पडलं म्हणा.

आणि धागा कटिंग? त्याचं उत्तर अक्कांना चांगला कटर देण्यात नव्हतंच. पाच हजार वेळा बोटं आवळायची वेळच का यावी, असं मी विचारायला हवं होतं. धागा स्वतः कापणारी मशीन येतात. टीप संपली की टेबलाखालीच पातं धागा कापतं. सगळी मशीन बदलायची ऐपत माझी नव्हती, अजून नाही. मी आधी दोन घेतली, जिथे सगळ्यात जास्त टोकं राहायची त्या कामाला लावली. बाकीच्यांना शिकवलं की टोक जागेवरच जवळून कापून बंडल पुढे द्या, आणि त्याचे पीसमागे थोडे पैसे वाढवले. आता कटिंगला येणारा शर्ट दहा-बारा टोकांचा असतो. त्या जागेवर मी एकाच बाईला दिवसभर बसवत नाही. दुपारनंतर ती घडी-पॅकिंगला जाते, पॅकिंगची इकडे येते. बदली करताना एक काळजी घ्या. धागा कटिंगवरून उचलून बटण तपासायला बसवलं तर त्याच बोटांचं काम, त्याला बदली म्हणत नाहीत.

कायद्याचं थोडं सांगते, कारण "आमच्यावर कुणी विचारायला येत नाही" हे मी रोज ऐकते. येत नाही, खरं आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मधे किमान अर्धा तास सुट्टी, असं स्पष्ट होतं. पण आता वीज वापरणारं वीसपेक्षा कमी माणसांचं युनिट कारखान्याच्या व्याख्येतच येत नाही. म्हणजे आपण सगळे बाहेर. आपल्याकडच्या माणसाच्या हाताची काळजी घेणारं कुणी असेल तर आपणच.

ईएसआयसीची गोष्ट वेगळी. दहा किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला ती लागू होते, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना. मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. त्यात उपचार मिळतात, आणि पात्रता बसली तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात. आता खरं बोलूया का? किती युनिटच्या रजिस्टरवर नऊच नावं असतात? मांडीला मांडी लावून बारा जण बसलेले असतात, आणि रजिस्टरवर नऊ. माझ्याही होती. आम्ही अकरा होतो आणि रजिस्टरवर नऊ होतो, आणि त्या राहिलेल्या दोघींत एक अक्का होत्या. त्यांचं नाव रजिस्टरवर असतं तर त्या मे महिन्यात "घरी आराम करा" ह्या माझ्या वाक्याला काहीतरी अर्थ राहिला असता. त्यांना रजा मिळाली असती, तपासणी झाली असती, कदाचित वेळेत पट्टा बांधून हात वाचला असता. कदाचित. मी ते सव्वातीन टक्के वाचवले.

हे लिहावं की नाही ह्यावर घरात वाद झाला. नवरा म्हणाला, ट्रेनर म्हणून लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तेच लोक उद्या युनिट काढणार आहेत.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. तुम्ही मालक म्हणून "काही दुखतंय का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" असंच येणार. दुखतंय म्हटलं तर काम जाईल ही भीती असते, आणि अक्कांच्या बाबतीत ती भीती खरीच ठरली. तेव्हा प्रश्न बदला. रात्री हात झटकून उठावं लागतं का? भाकरी थापताना, पीठ मळताना अंगठ्यापाशी चमक निघते का? धुणं पिळता येतं का? बरणीचं झाकण कोण उघडतं घरात? ह्या प्रश्नांना बायका खरी उत्तरं देतात, कारण ते घरातलं बोलणं वाटतं. मी दर दोन महिन्यांनी विचारते, आणि हंगामात दर पंधरा दिवसांनी. एकीलाही रात्री हात झटकावा लागत असेल तर तिची जागा त्याच आठवड्यात बदलते आणि डॉक्टरकडे पाठवते. त्या दिवसाची हजेरी लावते. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी येऊन हळूच सांगितलं. इतके दिवस गप्प होत्या.

आणि जे घरून काम देतात, पिको-फॉल, हुक-बटण, काज वगैरे, त्यांना तर ही माणसं दिसतच नाहीत. बंडल जातं, बंडल येतं. माल आणायला पोरगा पाठवता, त्याच्याऐवजी महिन्यातून एकदा स्वतः जा. ती बाई जमिनीवर बसून, बल्बखाली, पाठ भिंतीला न टेकता काम करताना दिसेल. एक पाट आणि एक दिवा द्या, ते पैसे मजुरीतून कापू नका.

टेबलाची उंची कशी मोजायची, ठोकळे किती जाडीचे करायचे आणि पायडल कसं सरकवायचं हे शुक्रवारच्या व्हिडिओत माझ्याच मशीनवर दाखवते. शिवणाऱ्या ताईंनाच बसवून दाखवणार आहे, तेव्हा मोजपट्टी हाताशी ठेवा, आणि जमलं तर तुमच्याकडे जे मशीनवर बसतात त्यांनाही शेजारी बसवून व्हिडिओ बघा. कुठे टोचतं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहिती असतं.